सोनोमीटर घेताना आधी घोडीची धार बघा

सोनोमीटर म्हणजे तारेचा सूर मोजायची शाळेतली पेटी: मीटरभर पोकळ लाकडी पेटी, वर दोन पोलादी तारा, टोकाला कप्पी आणि तिच्याखाली अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं. सगळं विश्व एका सुरात बांधलंय, असं कवी म्हणत आले आणि पायथागोरसही म्हणाला. पायथागोरसाचं म्हणणं शाळेतल्या या पेटीवर तपासता येतं. भजनातल्या एकतारीवर ते जमत नाही, तिला ना पट्टी ना वजन.

०.३ मिलिमीटरच्या तारेला ४ किलो टांगले की २५६ हर्ट्झचा नादकाटा साधारण ५२ सेंटिमीटरवर जुळतो. हा षड्ज धरा. घोडी, म्हणजे तारेखालचा सरकता आधार, सरकवत ४१.६ वर गंधार, ३९ वर मध्यम, ३४.७ वर पंचम आणि बरोबर निम्म्यावर, २६ला, तार षड्ज. म्हणजे ५:४, ४:३, ३:२, २:१. नुसत्या कानावर विसंबू नका. दुमडलेला कागदाचा कपटा तारेच्या मधोमध बसवा, नादकाटा रबरावर आपटून त्याचा दांडा पेटीवर टेकवा. लांबी बरोबर असेल तर कपटा उडून पडतो.

घोड्या मात्र बोथट आहेत. तार नेमकी कुठे टेकते ते कळत नाही आणि दोन-तीन मिलिमीटर हातचे जातात. क्षुल्लक वाटेल, पण सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या हार्मोनियमचा गंधार याच तारेवर ४१.३च्या आसपास येतो. शुद्ध गंधारापासून तो फक्त ३ मिलिमीटर दूर. बघण्यासारखी गोष्ट नेमकी तीच, आणि तीच निसटते. कानस मारून धार काढून घ्या. कप्पीही घासते, मग टांगलेलं सगळं वजन तारेपर्यंत पोचत नाही. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

सोबतची पुस्तिका सरळ बाजूला ठेवा. लोहाराच्या हातोड्यांच्या वजनांवरून पायथागोरसाला सुरांची प्रमाणं सापडली, ही जुनी गोष्ट सांगून ‘दुप्पट वजन, दुप्पट सूर’ असं छापलंय. साफ चूक. १ किलोऐवजी २ टांगून बघा, सूर तीव्र मध्यमाच्या आसपास येतो. सप्तक चढायला ४ किलो लागतात, कारण कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्यांचं गणित श्लोकबद्ध, तरी वृत्तासाठी आकडा वाकवलेला नाही. या पुस्तिकेत तर साधं गद्य होतं!

वरच्या वर्गांसाठी खगोलशास्त्रज्ञ केप्लर घ्या. १६१९च्या ग्रंथात त्याने शनीची रोजची कोनीय गती सूर्यापासून सर्वांत दूर असताना १०६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आणि सर्वांत जवळ असताना १३५ विकला धरली, आणि त्यातून ४:५ काढलं. तारेवर तोच षड्ज-गंधार, ५२ आणि ४१.६. नेमक्या ४:५ला १०६ऐवजी १०८ हवेत, हेही मुलांना दाखवा. ग्रहांच्या सूर्याभोवतीच्या फेरीच्या काळाचा वर्ग आणि सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा घन यांचा नियमही त्याच ग्रंथातला.

जळगाव-भुसावळच्या उन्हात टांगत्या वजनाची तार फारशी उतरत नाही, ताण वजनावर ठरतो. खुंटीला आवळलेली दुसरी तार मात्र उतरते: पोलाद लाकडापेक्षा जास्त फुगतं. ती दर तासाला नव्याने लावा. पेटी पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका, सांधे उकलतात आणि नाद बद्द होतो. दुकानात पेटीवर टिचकी मारून घ्या, आणि जादा तार मागून घ्या.