साठ लिटरच्या खाऱ्या टाकीतलं शेवाळ: गोगलगायी, जीएफओ की शेवाळाची जाळी?

दोन क्लाउनफिश, थोडे खडक, ६० लिटरची खारी टाकी आणि खडकांवर बोटभर लांब हिरवे केस. यावर तीन उपाय सुचवले जातात: शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडा, फॉस्फेट शोषणारे जीएफओचे दाणे लावा, किंवा वेगळ्या जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून खरवडून काढा. तिन्ही उपाय खरे आहेत. पण मुंबईच्या दमट हवेत जे सहज चालतं ते भुसावळच्या मे महिन्यात, ४४ अंशांत आणि वीज गेलेली असताना तसंच चालेल असं नाही. म्हणून ही तुलना जळगाव, धुळे, नंदुरबारच्या उन्हाळ्याचा हिशेब धरून केली आहे.

आधी शेवाळ ओळखा. नव्या टाकीत काचेवर तपकिरी धूळ बसली तर ते डायटम; पाण्यातली सिलिका संपली की आपोआप जातं. वाळूवर लाल-जांभळी, चिकट, सालीसारखी निघणारी चादर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. ती ओढून काढा आणि तिथला प्रवाह वाढवा. शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यात बुडबुडे, रात्री विरळ आणि दुपारी पुन्हा दाट, असं दिसलं तर ते डायनोफ्लॅजेलेट. ते बहुतेकदा नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, शून्यावर गेल्यामुळे येतात, त्यामुळे जीएफओ लावलं तर उलट माजतात. पुढचं सगळं हिरव्या केसाळ शेवाळासाठी आहे.

पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला टाकीवर पंखा लावावाच लागतो. कोरड्या हवेत त्याने तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं, पण ६० लिटरच्या टाकीतून दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतं. मीठ मागेच राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची. दिवसाला दोन लिटर धरले तर महिन्याला ही भर ६० लिटरवर जाते, म्हणजे टाकीभर पाणी. भरीच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर महिन्याभरात टाकीचं नायट्रेट तेवढंच, १० ने, वाढतं. केळी-कपाशीच्या पट्ट्यातल्या बोअरला खतातलं नायट्रेट उतरलेलं असू शकतं. थंड पाण्याचा जार पिण्यासाठी असतो, त्यात शून्य टीडीएस (विरघळलेले क्षार) धरून चालू नका.

घरच्या आरओतही एक मेख आहे. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. काहींत वर मिनरल कार्ट्रिजही असतं. मेंब्रेनमधून येणारी नळी या दोन्हींच्या आधी फोडा, पाणी डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यातून न्या आणि मीटरवर ० बघा. १-२ दिसायला लागलं की रेझिन बदला. हे न करता बाकी काहीही करणं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

हाताने उपटणं कोणत्याही उपायात सुटत नाही. खडक बाहेर काढता येत असेल तर टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत जुन्या टूथब्रशने घासा. आठवड्याला ६ लिटर पाणी बदला: ६ लिटर शून्य टीडीएसच्या पाण्यात साधारण २२० ग्रॅम समुद्री मीठ, मग रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या यंत्रावर) १.०२५ ची खात्री. दिवा ८ तासांपेक्षा जास्त नको.

तिघांची तुलना

गोगलगायी वीज मागत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. ६० लिटरला तीन-चार नेराइट आणि तेवढ्याच सेरिथ पुरतात. जास्त सोडल्या तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतात. त्या कोवळी लव खातात, दोन सेंटिमीटरच्या वरच्या केसांना तोंड लावत नाहीत, म्हणून आधी उपटणं आलंच. ट्रोकस किंवा टर्बो घ्यायच्या तर नेमकी जात विचारून घ्या, काही जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. इथली अडचण उष्णतेची आहे. पाणी २९-३० च्या वर राहिलं की त्या मंदावतात, आणि मुंबईहून येणारं पार्सल मे महिन्यात डब्यातच तापतं. मागवायच्या तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. आल्यावर हवेच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब असं तासभर टाकीचं पाणी पिशवीत सोडा. खारेपणातला झटका त्यांना सोसत नाही. भर घालायला एक दिवस चुकला तरी २ लिटर उडून खारेपणा हजार भागांत ३५ चा ३६ च्या वर जातो. नेराइट भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली असल्याने पाण्याबाहेर चढते, टाकीला जाळीचं झाकण हवं. एखादी दोन दिवस हलली नाही तर उचलून वास घ्या. जिवंत असेल तर शिंपल्याचं दार घट्ट मिटते. मेलेली असेल तर मांस बाहेर लोंबतं आणि वास लगेच कळतो. ती त्याच क्षणी काढा, एवढ्या पाण्यात एका गोगलगायीचा अमोनिया पुरेसा त्रास देतो.

जीएफओ म्हणजे लोहाचे तपकिरी दाणे. उन्हाने ते मरत नाहीत, वीज गेली तर फक्त काम थांबतं. साध्या प्रकाराचा पूर्ण डोस ६० लिटरला ४ मोठे चमचे असतो. सुरुवात दोनाने करा. आरओच्या पाण्यात निवळ पाणी येईपर्यंत धुवा, बारीक जाळीच्या पिशवीत भरून मागे टांगायच्या फिल्टरमध्ये ठेवा आणि रोज पिशवी हलकी हलवा, नाहीतर दाण्यांचा गोळा होतो आणि पाणी बाजूने निघून जातं. फॉस्फेट एकदम उतरवलं तर प्रवाळांना धक्का बसतो. खडकांत मुरलेलं फॉस्फेट हळूहळू बाहेर येत राहतं, म्हणून महिन्याने आकडा परत चढला तर दाणे बिघडले असं समजू नका, ते भरले आहेत, बदला. आणखी एक फसगत: शेवाळ दाट असताना ते स्वतःच फॉस्फेट खातं, त्यामुळे किट ० दाखवतं. तेव्हा आकड्यापेक्षा वाढीकडे बघा.

शेवाळाची जाळी, म्हणजे स्क्रबर, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही बाहेर काढते. रोज फ्रोझन खाद्याची अर्धी वडी घालत असाल तर एका बाजूने दिवा असलेली ३ बाय ४ इंचांची जाळी पुरते. लोकरीच्या भरतकामाची प्लास्टिकची जाळी घ्या आणि करवतीच्या पात्याने काटेरी होईपर्यंत खरवडा. गुळगुळीत जाळीवरून शेवाळ सुटून टाकीत येतं. वरून पाणी पाडायच्या प्रकाराला ३ इंच रुंदीसाठी तासाला ४०० लिटरचा पंप लागतो. खानदेशात नेमका हाच प्रकार टाळा. चार तास वीज गेली की गरम कोरड्या हवेत जाळी वाळते, शेवाळ मरतं, आणि वीज आल्यावर सगळी घाण टाकीत धुऊन येते. बुडबुड्यांवर चालणारी, पाण्यात बुडालेली जाळी घेतली तर ती ओली राहते, बॅटरीच्या एअर पंपावर चालूही राहते. पहिले दोन-तीन आठवडे फक्त तपकिरी थर दिसेल. पुढे दर ७-१० दिवसांनी काढून गोड्या पाण्यात खरवडायची, मुळाचा पातळ थर ठेवून.

औषधांचा मार्ग शेवटचा. ब्रायोप्सिस, म्हणजे पिसासारखं पान असलेलं हिरवं शेवाळ, याला फ्लुकोनॅझोल लागू पडतं: लिटरला ५ मिलिग्रॅम, फिल्टरमधला कार्बन काढून, १४ दिवस. मरणारं शेवाळ पोषकद्रव्यं सोडतं, तेव्हा पाणी बदलायची तयारी ठेवा. हायड्रोजन पेरॉक्साइड लावताना बाटली वाचा: मेडिकलमध्ये सहसा ६ टक्क्यांचं मिळतं, डोस ३ टक्क्यांचे लिहिलेले असतात. कोळंबी असेल तर ते टाकीत ओतूच नका.

एप्रिल-मेमध्ये शेवाळ माजलं असेल तर उपटणं आणि दोन चमचे जीएफओ, एवढंच करा. गोगलगायी थंडीत आणा. जाळीचा खटाटोप खाद्य जास्त पडत असेल आणि आठवड्याला खरवडायला खात्रीने वेळ मिळत असेल तरच. फॉस्फेट लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम आणि नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅममध्ये ठेवा. शेवाळ ओसरल्यावर फॉस्फेट ०.०३ च्या खाली गेलं की अर्धे दाणे काढून टाका, नाहीतर हिरवं जाऊन तपकिरी धागे येतील.