रोज पान फाडायचं दिनविशेषवालं कॅलेंडर: सहा महिने वापरून लिहितोय

जानेवारीत कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका दुकानातनं हे भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं, १८० रुपयाला, कारण पोरीकडं शाळेत परिपाठाला दिनविशेष वाचायचं काम आलं होतं आणि रोज सकाळी मोबाईलवर बघून वहीत उतरवण्यात रिक्षावाले काका खाली हॉर्न मारत बसायचे. आता पान फाडायचं, खिशात घालायचं, पळायचं. एवढ्यातच पैसे वसूल झाले म्हणा.

कागद पातळ आहे, दोन पानं एकदम हातात येतात, मग उद्याचं परत पिनेला अडकवायचं. अक्षर मात्र मोठं, आईला चष्म्याशिवाय वाचता येतंय.

२६ जूनचं पान तर लई भारी! वर शाहू महाराजांची जयंती, १८७४, आणि लगेच खाली बालगंधर्वांचा जन्म, १८८८. दोघांची तारीख एकच आहे हे मला एवढं वय झालं तरी माहीत नव्हतं. त्याखाली १९४५ ला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या, १९७५ ला इंदिरा गांधींनी सकाळी रेडिओवरून आणीबाणी सांगितली ते, सगळं तळहाताएवढ्या कागदावर. ते पान पोरीनं शाळेतनं परत आणून कपाटाच्या आरशाला चिकटवलंय.

पण पुढची पानं चाळली आणि डोकंच फिरलं, २६ जुलैला परत शाहू जयंती छापलीय. जुन्या पुस्तकांत ती तारीख असायची, मान्य, पण आता जयंती २६ जूनलाच असते हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरगंही सांगंल. आणि २६ जुलैला खरं काय पाहिजे होतं, तर १९०२ चा महाराजांचा हुकूम, संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायचा. एवढं मोठं काम आणि त्याची एक ओळ नाही. कारगिल विजय दिवस आहे, तो बरोबर आहे.

९ ऑगस्टला क्रांतिदिन आहे, नागासाकी आहे, गायक-नट केशवराव भोसले नाहीत. १८९० चा जन्म त्यांचा, १९२१ ला बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ हे संगीत नाटक केलेला आपला माणूस, बालगंधर्वांना जागा मिळाली आणि ह्यांना नाही, हे मनाला लागलं. २०२४ ला ८ ऑगस्टच्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह जळालं, महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानापाशी मी उभा होतो, शेजारचा म्हातारा माणूस काही न बोलता नुसता डोळे पुसत होता. ती तारीख कशी विसरायची ओ?

पाचपैकी तीन स्टार. पुढच्या वर्षी घेताना आधी ही दोन पानं उघडून बघणार, मगच पैसे देणार. ह्या वर्षीच्या ९ ऑगस्टच्या पानावर पोरीनं निळ्या पेननं आधीच लिहून ठेवलंय, जागा पुरली नाही म्हणून ‘केशवराव’ वर आणि ‘भोसले’ खाली राशिभविष्यावर गेलंय.