पावसाळाभर वापरलेलं महापालिकेचं तक्रार ॲप: खड्ड्यांसाठी पाचपैकी दोन

तक्रार नोंदवायला ॲप उत्तम आहे. फोटो, ठिकाण, प्रकार, दोन ओळी. टोकन क्रमांक लगेच एसएमएसने येतो. पथदिव्यांसाठी तर खुशाल वापरा, खांबाचा क्रमांक टाकला की काम होतं.

खड्ड्यांचं दुखणं वेगळं. तक्रार 'निकाली' निघते आणि खड्डा तसाच राहतो. शेरा ठरलेला: 'संबंधित विभागास कळविले आहे.' बुजवला तरी भर पावसात, साचलेलं पाणी न काढता, कडा न कापता कोल्ड मिक्स (न तापवता टाकायचं डांबर-खडीचं मिश्रण) ओततात. खालचा भाग स्वच्छ नसला की माल धरत नाही. खडी सुटून रस्त्यावर पसरते आणि दुचाक्या त्यावरच घसरतात.

प्रकार निवडताना नीट बघा. चेंबरभोवती रस्ता खचला असेल तर 'मलनिःसारण' निवडा. 'पथ विभाग' निवडलात तर तक्रार दोन खात्यांत टोलवली जाते. फोटोत दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब येऊ द्या. निकालीचा एसएमएस आला की त्याच जागेचा नवा फोटो काढून 'पुन्हा उघडा' दाबा आणि शेऱ्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

दुसऱ्यांदाही तोच शेरा आला तर माहिती अधिकार. 10 रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'खड्डा का बुजवला नाही' असं विचारू नका. कारणं द्यायला अधिकारी बांधील नसतात. कागद मागा: त्या रस्त्याचा कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची) पानं आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख. तारीख उलटली नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि हे लेखी हातात आलं की अभियंत्याशी बोलणंच बदलतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा.

सगळ्यात जास्त खटकतं ते वस्त्यांच्या बाबतीत. आतल्या गल्ल्या ॲपच्या नकाशावर नाहीत, पिन भलत्याच रस्त्यावर पडते आणि तक्रार 'ठिकाण आढळले नाही' म्हणून बंद होते. मग लोक नाद सोडतात, वर्गणी काढून मुरूम टाकतात, तो पहिल्या सरीत वाहून जातो. तक्रारी कमी, म्हणजे त्या प्रभागात सगळं आलबेल, असा हिशेब कार्यालयात लागत असेल तर तो अन्यायच आहे.

तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराच्या मोबाइलवर ओटीपी जावा आणि तो दिल्याशिवाय 'निकाली' होऊच नये. एवढा एक बदल केला तरी दोन तारे वाढवीन.