सेस्नाचा एलईडी लँडिंग लाइट: वर्षभर वापरल्यावर

मी ज्या सेस्ना 172 वर विद्यार्थ्यांना शिकवते, ते विमान जुनं आहे, 12 व्होल्टचं. लँडिंग लाइट, म्हणजे पुढं झोत टाकणारा दिवा, पंखात नाही, नाकावर काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या झाकणात. त्यात 4509 नंबरचा 100 वॅटचा बल्ब असायचा, गेल्या दिवाळीपासून एलईडी आहे. काढलेला बल्ब मी कोल्हापूरला घरी आणला होता. आण्णांनी तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "ट्रॅक्टरचा दिवाच की गं हा." माप खरंच तेच, साडेचार इंच व्यास; त्या मापाला पार-36 म्हणतात. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळणारा दिवा विमानात लावता येत नाही. त्या मॉडेलसाठी मान्यता असलेलाच लागतो आणि बसवल्यावर लॉगबुकात इंजिनिअरची सही. म्हणून आम्हाला तो जुन्या बल्बच्या जवळजवळ दहापट किमतीला पडला. ही तक्रार आधीच सांगून टाकते.

जुन्या बल्बचं आयुष्य होतं 25 तास, तेही कागदावर. कमर्शियल लायसन्सला 200 तास उडावं लागतं. दिवा सतत चालू ठेवला तर एका विद्यार्थ्यामागे आठ बल्ब. त्यात नाकावर इंजिनाची थरथर, फिलामेंट टिकणार किती? म्हणून मी शिकले तिथं स्विचशेजारी चिकटपट्टी लावलेली असायची, 'फक्त उतरताना'. फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत शेवटच्या सरळ टप्प्याला, वळलं की लावायचा, धावपट्टी सोडली की बंद. ही काटकसर हातात इतकी मुरते की हा दिवा कशासाठी आहे तेच माणूस विसरतो. दिवसा धावपट्टी दिसायला दिवा लागत नाही. दिवसा तो लावायचा आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून.

172 च्या पंखांचा पसारा 11 मीटर, पण समोरून बघितलं तर पंख म्हणजे एक बारीक रेघ. शिवाय जे विमान नेमकं आपल्यावर येतंय, ते काचेत इकडेतिकडे सरकत नाही. एकाच जागी ठिपका राहतो आणि अगदी शेवटी एकदम मोठा होतो. दोघंही 100 नॉटनं समोरासमोर असतील तर अंतर ताशी 370 किलोमीटरनं घटतं. समोरचं विमान दिसल्यापासून आपलं वळेपर्यंत अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए साडेबारा सेकंद धरते. तेवढ्यात जवळजवळ 1300 मीटर संपलेले असतात. विद्यार्थ्यांना मी हा हिशोब वहीत करायला लावते.

आता कोल्हापूरचं सांगते. जानेवारीत सकाळी विद्यार्थ्याला घेऊन उजळाईवाडीच्या विमानतळावर आले. त्या दिवसांत पंचगंगेवरचं धुकं, पेटवलेल्या पाचटाचा आणि गुऱ्हाळांचा धूर सगळा एकत्र बसलेला असतो. खाली उसाची शेतं स्पष्ट दिसतात, पण नजर वर उचलली की समोर नुसतं दुधाळ. पूर्वेकडून 25 नंबरच्या धावपट्टीच्या फायनलला येताना ऊन आपल्या पाठीशी असतं, म्हणजे आपल्याकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत. आण्णा गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहेत. मी येणार असले की गच्चीवर जाऊन थांबतात. आदल्या वर्षी जुना बल्ब असताना फोनवर म्हणाले होते, "आवाज येत हुता, पर इमान दिसंना झालतं." त्या वेळी मीही सवयीप्रमाणे दिवा अगदी शेवटी लावला होता. यंदा म्हणाले, "नेर्लीच्या अंगाला चांदणी दिसली, आवाज लई मागनं आला."

पण त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. त्याआधी मी डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट्या दिशेनं, आडवी जात असताना त्यांना काहीच दिसलं नव्हतं. हा झोत फक्त पुढं पडतो. बाजूनं येणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, तिथं आपलेच डोळे.

बल्ब जाईल ही धास्ती संपल्यामुळे आता टेकऑफची परवानगी मिळाली की दिवा चालू. धावपट्टीवर नुसतं थांबलेलं असताना बंद, म्हणजे दिवा पेटला की बाकीच्यांना कळतं, हे आता निघालं. पुढं 10,000 फुटांखाली, दिवसा असो वा रात्री, तो चालू ठेवावा असं एफएए सुचवते. विमानतळापासून 10 मैलांच्या आत, धुरकट हवेत आणि पक्ष्यांचे थवे असतील तिथं तर नक्कीच. आमची सरावाची उड्डाणं 5,000 फुटांच्या वर क्वचितच जातात, म्हणजे अख्ख्या उड्डाणात आमचा दिवा चालूच. पार्किंगला येताना मात्र मी आठवणीनं बंद करते. खुणा करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत हा एलईडी जुन्यापेक्षा फार वाईट खुपतो.

रात्रीबद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. प्रकाश पांढराफटक आहे, त्यात डांबराचे उंचसखल भाग सपाट दिसतात. जुन्या पिवळसर उजेडात उतरताना मला जमीन जास्त कळायची. धुरकट रात्री तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. अशा वेळी मी तो बंद करते आणि धावपट्टीचे दिवे नीट दिसायला लागल्यावरच परत लावते. पहिल्या आठवड्यात रेडिओत गुणगुण येत होती. इंजिनिअरनं अर्थिंग नव्यानं केल्यावर ती गेली. जुना बल्ब सात अँपियरच्या वर खायचा, हा त्याच्या निम्म्याहून कमी घेतो. रात्री अल्टरनेटर गेला आणि फक्त बॅटरी उरली, तर हा फरक फार मोठा आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो रात्रीच्या उजेडासाठी, किमतीसाठी नाही. शेजारचा टॅक्सी लाइट, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना लावायचा दिवा, अजून जुनाच आहे आणि तो मी तसाच ठेवणार आहे.