ट्यूब बदलली म्हणून 3,600 घेतले, आणि ट्यूब तीच!

घरात जुना डब्बा टीव्ही असेल तर हे वाचा, आणि आईवडील गावी एकटे असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

आमच्या आईकडे कराडला 2003 साली घेतलेला 21 इंची व्हिडिओकॉन आहे. एलईडी घेऊन देतो म्हणून मी दोन दिवाळ्या मागे लागलो पण ती काही ऐकत नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या साध्या सेटटॉप बॉक्सचं चित्र त्या डब्यावरच बरं दिसतं, एलईडीवर तेच चॅनल पिठूळ दिसतात. शिवाय माझ्या लहानपणीचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम अजून तिथेच आहे, आणि त्यातली बदकं मारायची बंदूक ट्यूबच्या टीव्हीवरच चालते, नव्या टीव्हीवर कितीही नेम धरा एक बदक पडत नाही. म्हणून मुलगाही म्हणतो आजीचा टीव्ही राहू दे.

तर मागच्या दिवाळीत मी आईला भजनं ऐकायला स्पीकर घेऊन दिला, वूफरचा मोठा डबा आणि दोन छोटे. वूफर ठेवला कुठे तर टीव्हीला खेटून, कारण प्लग तिथेच. हा शहाणपणा माझाच. महिन्याभरात आईचा फोन, अरे टीव्हीचा उजवा कोपरा जांभळा झालाय, बातम्या देणाऱ्या बाईचा खांदा जांभळा आणि खालची पट्टी हिरवी. मी पुण्यात, म्हटलं जवळच्या कुणाला तरी दाखव. तिने भाजीवाल्याकडून नंबर घेऊन एकाला बोलावलं. तो आला, दोन मिनिटं बघितलं, पाठ उघडलीसुद्धा नाही, आणि म्हणाला, "मावशी, ट्यूब गेली. बदलावी लागंल. दुकानात न्यावा लागतोय."

3,600 सांगितले, पैकी 1,500 ॲडव्हान्स. आठ दिवसांनी टीव्ही आणून दिला, रंग एकदम झकास, आईने उरलेले पैसे देऊन वर चहा पाजला. बिल मागितलं तर "छापायला टाकलंय, नंतर देतो." जुनी ट्यूब कुठंय विचारलं तर "ती कंपनीत परत जाते मावशी." कसली कंपनी! नवीन कलर ट्यूब बनवणं कंपन्यांनी कधीच बंद केलंय, मिळाली तर दुसऱ्या टीव्हीतून काढलेली नाहीतर रिपेअर केलेली मिळते, हे मला तेव्हा माहीत असतं तर फोनवरच पकडला असता.

पकडलं आईनेच. चार दिवसांनी धूळ पुसताना. माझ्या मुलाने तीन वर्षांचा असताना पत्र्याची गाडी काचेवर घासली होती, डाव्या खालच्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा चरा आहे, दिसत नाही पण नख अडकतं. आईचं नख अडकलं. मला फोन करून म्हणते, "ट्यूब नवी ना, मग हा चरा जुना कसा?" मला काही सुचेचना.

त्यात पंधरा दिवसांत जांभळा कोपरा परत हजर. आणि आई अजून एक म्हणाली जे मी आधी मनावर घेतलं नव्हतं, की पूर्वी बटण दाबलं की "धुम्म" करून आवाज यायचा तो आता येत नाही.

मी शनिवारी गेलो आणि स्टँडजवळ एक जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत त्यांना घेऊन आलो. त्यांनी आल्या आल्या वूफर उचलून बाजूला ठेवला. म्हणाले ह्याच्यात केवढं लोहचुंबक असतं, ट्यूबच्या आत काचेमागे बारीक भोकांची लोखंडी जाळी असते ती भारली जाते, मग एका रंगाची किरणं दुसऱ्या रंगावर पडतात, म्हणून डाग. ट्यूब वीक झाली तर असा एक कोपरा जांभळा होत नाही, सगळंच चित्र अंधुक होतं आणि यायला वेळ लागतो. आणि ते "धुम्म" म्हणजे डिगॉसिंग कॉइल, ट्यूबभोवती गुंडाळलेली तार, टीव्ही चालू होताना जाळीतलं चुंबक तीच घालवते. पण त्यासाठी टीव्ही मेन बटणाने बंद करून थंड व्हायला लागतो. आम्ही कायम रिमोटने बंद करायचो.

मग पाठ उघडली. आधी वायरचं एक टोक ट्यूबच्या बाहेरच्या अर्थच्या पट्टीला, दुसरं स्क्रूड्रायव्हरला, आणि तो रबरी टोपीखाली सरकवला. चट्ट! टीव्ही बंद असला तरी तिथे हजारो व्होल्ट साठून असू शकतात, म्हणून घरी पाठ उघडायच्या भानगडीत कुणी पडू नका हां. आत बघतो तर ट्यूबभोवती धुळीत एक गोल स्वच्छ पट्टा, आणि बोर्डवरचं दोन पिनांचं सॉकेट रिकामं. म्हणजे त्या पठ्ठ्याने दुकानात हातातली कॉइल फिरवून डाग घालवला, पाच मिनिटांचं काम, आणि वर आमचीच तांब्याची कॉइल काढून घेतली!

काकांनी भंगारातल्या सेटची कॉइल बसवली, मजुरी धरून 350 घेतले. वूफर आता समोरच्या भिंतीला.

मी त्या माणसाकडे गेलो होतो. सरळ म्हणाला, "पावती दाखवा." दाखवणार काय. बरीच बाचाबाची झाल्यावर 500 दिले, ते पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून. तेव्हा टीव्ही दुकानात द्यायच्या आधी पाठ उघडायला लावून आतला फोटो काढा, ट्यूबच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर लिहून घ्या, बिल नाही तर पैसे नाहीत. आणि रंगाचे डाग आले तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी स्पीकर चार-पाच फूट लांब करून, मेन बटण बंद ठेवून अर्ध्या तासाने चालू करून बघा, दोन-तीन वेळा.

आईच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर "टीव्हीवाला" म्हणून सेव्ह होता. मी डिलीट करायला घेतला तर म्हणाली, डिलीट नको करू, पुढे "चोर" लाव, उद्या त्याचा फोन आला तर मला कळायला नको?