पसरणी घाटात नऊ हजार गेले, उडाला होता फक्त फ्यूज

नाताळच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून महाबळेश्वरला निघालो होतो. वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि पसरणी घाट चढायला लागलो. सुट्टीची गर्दी, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या, एसी चालू. अर्ध्या घाटात टेम्परेचरचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली.

गाडी कडेला घेतली तोच एक बाइकवाला थांबला. "ओळखीचा मेकॅनिक आहे, बोलावतो." देवासारखा धावून आला असंच वाटलं. मेकॅनिक आला, दोन मिनिटांत म्हणाला, "वॉटर पंप गेलाय ताई. अशीच चालवलीत तर हेड गॅस्केट उडेल, मग इंजिनच खोलावं लागेल." पार्टसाठी साडेपाच हजार आधी द्या म्हणाला. सासूबाईंना डायबेटिस, त्यांची जेवणाची वेळ टळलेली, धाकटी रडून हैराण. नवऱ्याने तिथल्या तिथे पैसे पाठवले.

"इंजिन तापलंय, अंगावर पाणी उडेल, लांब सावलीत बसा," असं सांगून त्याने आम्हाला गाडीजवळ फिरकू दिलं नाही, आणि आम्हीही ऐकलं. पाऊण तासात काम झालं. एकूण नऊ हजार दोनशे. बिल नाही. जुना पंप मागितला, तर "तो दुकानात जमा करावा लागतो."

परत आल्यावर आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने दाखवलं: पंप जुनाच होता. आमच्या गाडीत तो टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे असतो. त्या कव्हरच्या बोल्टना कुणी पानाही लावला नव्हता. गरम इंजिनवर पाऊण तासात ते काम होतच नाही. उडाला होता रेडिएटरच्या फॅनचा फ्यूज. हायवेवर वाऱ्याने रेडिएटर गार राहिला, घाटात फॅन लागणार होता तेव्हा तो बंद. वीस-तीस रुपयांचा फ्यूज घालून, कूलंट भरून तो माणूस निघून गेला होता.

म्हणून कळकळीने सांगते, गाडी तापली तर बंद करा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि आपल्या मेकॅनिकला फोन लावा. घाट चढण्याआधी एसी लावून फॅन फिरतोय का ऐका. कुणी पार्ट बदलत असेल तर घरातलं एक माणूस बॉनेटपाशीच उभं राहू द्या, जुना पार्ट हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

आमच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्सचे पैसे भरलेले होते. त्यांचा नंबर असलेला कागद त्या दिवशी डॅशबोर्डच्या खणातच होता.