पदकं मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या हातात डिस्चार्ज बुक देऊ नका

ज्यांच्या घरात १९६५ किंवा १९७१ ची लढाई पाहिलेला माणूस आहे, किंवा अशा माणसाच्या मागं त्याची पत्नी पेन्शन घेते आहे, त्यांनी हे वाचावं आणि गावातल्या बाकीच्या माजी सैनिकांना वाचून दाखवावं. माझ्या वडिलांना, आबांना, एका माणसानं राहून गेलेल्या पदकांच्या नावाखाली लुबाडलं. पैसे गेले. पण पैशापेक्षा जास्त लागलं ते दुसरंच: आबांनी चाळीस वर्षं ट्रंकेत जपलेलं मूळ डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून घरी येताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, तो घेऊन गेला.

आबा १९६३ ला भरती झाले आणि १९८१ ला हवालदार म्हणून घरी आले. कागल तालुक्यात दादा-वहिनींकडं राहतात, मी कोल्हापुरात राजारामपुरीत. त्यांच्या बुकात पदकांच्या पानावर तीनच नोंदी होत्या. १९६५ चं रक्षा पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचं पदक. १९७१ चं एकही नाही. डिसेंबर १९७१ ला आबा पूर्वेच्या आघाडीवर होते. लढाई संपली, त्यांना कावीळ झाली, मिलिटरी हॉस्पिटलात पडून राहिले आणि तिथून परस्पर सेंटरला रिक्रुटांच्या ट्रेनिंगवर गेले. पदकाच्या याद्या पलटणीतून वर गेल्या तेव्हा आबा पलटणीच्या हजेरीवर नव्हते. असं बऱ्याच जणांचं झालेलं आहे, यात मी कुणाला बोल लावत नाही.

ज्यांना फौजेचा कागद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण फसवणारा नेमका इथंच शिरतो. जवानाचं लग्न, मूल, बदली, बढती, पदक, प्रत्येक गोष्टीचा एक लेखी आदेश निघतो, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. त्यावरून रेकॉर्ड ऑफिसमधल्या शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ कागदात, नोंद होते आणि घरी येताना तीच नोंद डिस्चार्ज बुकात उतरते. ऑर्डरच पडला नाही तर पुढं काही उतरत नाही. पूर्वेच्या रणक्षेत्रात असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार, आणि ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरवून दिलेल्या राज्यांत सेवेत असलेल्यांना संग्राम पदक. आबांचा हक्क पूर्वी स्टार आणि संग्राम, दोन्हींवर होता. दर १५ ऑगस्टला झेंडावंदनाला बाकीचे म्हातारे छातीवर पदकं लावून येत आणि आबा पांढरा सदरा घालून मागच्या रांगेत उभे राहत. कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण आम्हाला कळत होतं.

तो माणूस आबांना फौजी कॅन्टीनच्या बाहेर भेटला. पन्नाशीतला, केस बारीक कापलेले, पायात चकाकणारे काळे बूट. "राम राम साहेब" म्हणून वाकला. रेकॉर्डला क्लार्क होतो, सुभेदार होऊन पेन्शन आलो म्हणाला. लढाऊ जवान होतो असं तो म्हणाला नाही, हे त्यानं विचार करून ठरवलेलं असणार. पलटणीत होतो म्हणाला असता तर आबांनी त्याला कंपनी, कमांडर, सुभेदार मेजर, लंगरातला भांडारी, सगळं विचारलं असतं. क्लार्कला तसलं कोण विचारणार?

त्याची माहिती पक्की होती. आपल्या भागातले बहुतेक जवान मराठा लाइट इन्फंट्रीतले, तिचं सेंटर आणि रेकॉर्ड बेळगावला, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. पण ७१ च्या लढाईत ११ डिसेंबरला पूर्वेचं जमालपूर पडलं, तिथं जंगी पलटण, म्हणजे मराठ्यांची पहिली पलटण होती, हे तो तारखेनिशी बोलायचा. "जमालपूरवाल्या दोन साहेबांची मेडलं मीच काढून दिली, त्यांचाही पार्ट टू पडला नव्हता," असं म्हणाला. लढाईचं नाव काढलं की म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत काय येतं हे त्याला ठाऊक होतं.

नंतर तो घरी आला आणि दादाला, वहिनीला समजावू लागला. पूर्वी स्टार लागला की पेन्शन वाढते, मागचा सगळा फरक मिळतो, राज्य सरकारकडून रोख रक्कम येते, नातवाला भरतीत सवलत मिळते. हे साफ खोटं आहे. दरमहा भत्ता मिळतो तो शौर्याच्या पदकांना: परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य चक्र, शौर्यासाठी दिलेलं सेना पदक. महाराष्ट्र सरकारची रोख बक्षिसंही शौर्य किंवा विशिष्ट सेवेबद्दल दिलेल्या पदकांना असतात. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम, रक्षा ही त्या त्या लढाईत हजर असल्याची पदकं. त्यांचा मान मोठा आहे, पण त्यानं पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढत नाही. घरातल्या तरुण माणसांना हा फरक ठाऊक नसतो. 'मेडल म्हणजे पैसे' असं डोक्यात बसलेलं असतं आणि हे लोक तिथंच बोट ठेवतात. आबांना मात्र पैशाचं काही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "त्या पानावर लिहून येऊ दे, बास."

पहिल्यांदा पाच हजार रुपये, फाइल उघडायला. मग पार्ट टू ऑर्डर पाडायला पंधरा हजार. मग दिल्लीहून मेडल सुटायला आणखी बारा हजार. प्रत्येक वेळी रोख. पावती मागितली की म्हणायचा, "साहेब, ऑफिसातल्या माणसाची नोकरी जाईल." सरकारी कामाला ज्याची पावती देता येत नाही असा खर्च नसतोच. नोंद घालायला मूळ बुक लागतं म्हणून तेही त्यानं नेलं, सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स.

उन्हाळ्यात तो पदकं घेऊन आला. निळ्या मखमली डबीत एक तारा आणि एक गोल पदक, फिती नव्याकोऱ्या, आणि एक पत्र. वहिनीनं औक्षण केलं. मी त्या रविवारी गावी गेले होते, तेव्हा आबांनी डबी माझ्यापुढं ठेवली आणि स्वतः चष्मा लावून पत्र वाचायला बसले. नंबरापाशी आले आणि थांबले. बोट ठेवून परत वाचलं. "हा माझा नंबर न्हवं," म्हणाले. मधले दोन आकडे उलटे पडले होते. फौजेतला माणूस बायकोचं नाव विसरेल पण आपला नंबर विसरणार नाही. मग त्यांनी संग्राम पदक हातात घेऊन कडेनं फिरवलं. त्यांच्या रक्षा पदकाच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं आहे, अंगठ्याखाली ते अजून लागतं. या पदकाची कड गुळगुळीत होती. ताऱ्यावरही कुठं काही कोरलेलं नव्हतं. अशी पदकं छावणीच्या बाजारात, वर्दीचं सामान विकणाऱ्या दुकानांत थोडक्या पैशांत मिळतात. सरकारी पदक जपून ठेवून परेडला ही नक्कल लावायची म्हणून माजी सैनिक ती उघड विकत घेतात. त्यात गैर काही नाही. हा माणूस तीच घेऊन आला होता.

पत्र मी नीट पाहिलं. वर रेकॉर्ड ऑफिसचं नाव, खाली गोल शिक्का, सही. पण पार्ट टू ऑर्डरचा नंबर नाही, तारीख नाही. नोंद खरोखर झाली असेल तर तो नंबर असतो, त्याशिवाय नोंद होतच नाही. कुणी असं पत्र आणून दिलं तर सगळ्यात आधी तोच नंबर शोधा.

आबांनी डबी मिटली आणि मला परत दिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

एवढ्यावर थांबलं नाही. मेडल आणलं त्याच दिवशी त्यानं "हयातीचा दाखला पण करून टाकू" म्हणून एका छोट्या यंत्रावर आबांचा अंगठा घेतला होता. हयातीच्या दाखल्याला अंगठा घेतात हे खरं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून पैसेही काढता येतात. त्याला ओटीपी लागत नाही, एका व्यवहारात दहा हजारांपर्यंत जातात. पासबुक भरून घेतलं तेव्हा तशा दोन नोंदी दिसल्या. दादानं लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला फोन लावला आणि बँकेत लेखी अर्ज दिला. तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकावर बोजा येऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळं उशीर अजिबात करू नका. त्यानंतर आम्ही आबांच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घेतले. हे आधारच्या ॲपवर होतं, दाखला करायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. म्हाताऱ्या माणसांचं आजच करून ठेवा.

पोलिसांत फिर्याद दिली आहे, फसवणुकीचं ३१८ कलम आणि खोट्या कागदाची कलमं लागली आहेत. त्यानं दिलेला फोन बंद आहे. सांगितलेल्या पत्त्यावर तसा माणूस राहतच नाही.

आता ज्या कामासाठी त्यानं बत्तीस हजार घेतले ते मुळात कसं होतं ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही म्हणून दलालांचं फावतं. साधा अर्ज लागतो. स्वतः माजी सैनिकानं, तो नसेल तर त्याच्या पत्नीनं, आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या नावे करायचा. नंबर, रँक, नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठल्या पलटणीत, कुठल्या भागात होता, मग हॉस्पिटलात किंवा दुसऱ्या ठिकाणी कधी गेला, हे आठवेल तेवढं लिहायचं. सोबत बुकाची आणि पीपीओची झेरॉक्स, मूळ नाही. जुनी पत्रं, त्या वेळचा फोटो, हॉस्पिटलचा कागद, सोबत्याचा लेखी जबाब, जे असेल ते जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हा अर्ज लिहून द्यायला मदत करतात आणि पुढं पाठवतात. याला फी नाही. स्वतः जायचं असेल तर कोल्हापूर-बेळगाव एसटीचं तिकीट, एवढाच खर्च. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून आपल्याच शीट रोलची प्रत मागता येते. आम्ही तीच मागितली, आणि आबा कोणत्या तारखेला कुठं होते ते सरकारी कागदावरच सापडलं.

पेन्शनवर आलेल्यांचे कागद सहसा शाबूत असतात. पेन्शन न घेता आलेल्यांचे मात्र पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, मागं लाँग रोलची, म्हणजे भरती झालेल्यांच्या नावांच्या रजिस्टरातली, नोंद तेवढी राहते. अशा घरांनी जुनं पत्र, जुना पास, काहीही टाकून देऊ नये. आणि पदक मिळालं होतं पण हरवलं, ही वेगळी गोष्ट आहे. तिथं पोलिसांचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागतं, नव्या पदकाची किंमत भरावी लागते, पण तीही सरकारी खात्यात चलनानं, कुणाच्या खिशात नव्हे.

आबांच्या संग्राम पदकाची नोंद झाल्याचं पत्र आलं आहे, पार्ट टू ऑर्डरच्या नंबरासकट. पूर्वी स्टारसाठी पलटणीच्या त्या काळच्या कागदांशी ताळा चालू आहे, आणखी एका सोबत्याचा जबाब मागितला आहे. ते सोबती गडहिंग्लजकडं असतात, ऐकू कमी येतं, पण आबांचं नाव सांगताच त्यांनी हॉस्पिटलची गाडी कुठून निघाली तेसुद्धा सांगितलं. मूळ बुक मिळालेलं नाही. हरवल्याची तक्रार आणि प्रतिज्ञापत्र देऊन दुय्यम प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे. पण त्या जुन्या बुकात वरिष्ठांनी हातानं लिहिलेले शेरे होते, पहिल्या पानावर आबांच्या अंगठ्याचा ठसा होता. ते आता कुठून आणणार?

हा माणूस चंदगड, आजरा भागात फिरतो आहे असं कानावर आलं आहे, आणि शिरोळकडंही असाच एक जण येऊन गेला म्हणतात. तोच असेल किंवा दुसरा. तुमच्याकडं कुणी रेकॉर्डचा माणूस म्हणून आला तर त्याचा फौजी नंबर, भरतीचं साल आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र मागा. ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा, काढू देत नसेल तर तिथंच समजा. बुक ट्रंकेतच राहू दे. अंगठा घ्यायचं यंत्र त्यानं बाहेर काढलं तर त्याला चहाला बसवून ठेवा आणि पोलिसांना ११२ ला फोन लावा.